परातीतलं पाणी

वाटूर फाट्यावरच्या पुंजाराम वेल्डरनं ट्रॅक्टरचा हूक चार बोटं खाली घेतला, ट्रॉली जोडली आणि तिच्यात पाण्याची परात ठेवली. काठाला पाणी सगळीकडं सारखं दिसलं की उंची बराबर, ही त्याची रीत. पाणी मागच्या काठाकडं चढलं. हूक आणखी दोन बोटं उतरवला, तरी ते मागंच.

"ट्रॉली तर रिकामी हाय. मंग मागं वजन कशाचं?" मालक जगन्नाथराव म्हणाले.

मागच्या आठवड्यात पुंजारामनंच हूक उंच बसवला आणि ट्रॉली उताराला उलटली. कापूस वेचून परतणाऱ्या तिघी जागीच गेल्या.

त्यानं डोक्याचा रुमाल सोडला.

"मालनबाई, तुम्ही तिघी जरा पुढं सरका."

पाणी हळूहळू काठाला सारखं झालं.