अगदी मापाचं

आयटीत नोकरी लागल्यावर दिग्विजयने रोडबाईक, म्हणजे वेगाने पळणारी महागडी सायकल, घेतली. दुकानदाराने पाय मोजून फ्रेम दिली आणि डोकं मोजून हेल्मेट.

डिसेंबरच्या पहाटे तो निघाला, की त्याची आई, सुशीलाबाई, कानटोपी घेऊन दारात उभी.

"अगं आई, हिच्यावर हेल्मेट बसत नाही."

"एवढी मापं घेतलीस, तेव्हा कान कुठे ठेवले होतेस?"

रोजचाच वाद. आज मात्र गारठा जास्त होता. त्याने हसून, मुकाट्याने कानटोपी चढवली. पोराने एकदाचं ऐकलं, म्हणून तिला बरं वाटलं.

कोथरूडच्या उतारावर टेम्पोने त्याला उडवलं. तो जागीच गेला.



सायकलच्या हँडलला अडकवलेलं हेल्मेट हवालदाराने संध्याकाळी तिच्या हातात दिलं. त्यावर साधा ओरखडाही नव्हता.