भाताचा टोप

शेजारीण अंबूबाईचा पाय घरात टिकत नाही, ही सकुबाईची जन्माची तक्रार. लुळ्या नवऱ्याला भरवलं, पोरांची ताटं वाढली, की निघाली भाताचा टोप घेऊन. मयताच्या घरी चूल पेटत नाही. तिथं पहिला भात हिचा. म्हातारपणीसुद्धा एसटीत मांडीवर टोप घेऊन शेणव्याहून मुरबाडपर्यंत जायची. सकुबाई ओट्यावरून विचारायची, "निघालीस गो फिरायला?" ती नुसती हसायची. आज अंबूबाईलाच स्मशानात पोचवून माणसं परतली. बाकी गावाला एवढी अक्कल नाही, तिचं घर उपाशी राहील, म्हणून सकुबाई भात रांधून पहिल्यांदाच टोप घेऊन निघाली. दारात अंबूबाईची सून म्हणाली, "मावशी, तुमीपण? ठेवू कुठं? मुरबाडवरनंसुद्धा टोप आलेत." पडवी टोपांनी भरली होती. अंबूबाईला निजवलेल्या जागी दिवा तेवत होता. त्याच्यासमोर बसून सकुबाई मोठ्यानं म्हणाली, "उगाच नाय फिरलीस गो."