खिडकीपाशी मांडलेले स्वेटर

"अहो, हा फोटो काळवंडलाय. परत काढा," बायको म्हणाली आणि तिने मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला.

फोटोवाल्यांनी मोबाइल घेतला. त्यांच्या स्टुडिओला टाळं लागून चार वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे फोटोवालेच म्हणत. टाळं लागलं त्यानंतरचं वर्ष त्यांनी, दुखणं काही नसताना, अंथरुणात काढलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

त्यांनी टेबल खिडकीपाशी ओढलं. काचेवर जुनी पांढरी चादर लावली, म्हणजे ऊन गाळून येतं. भिंतीवरून टेबलावर उतरवलेला पांढरा कागद पुन्हा ताणून बसवला. सावलीच्या बाजूला उजेड परतवायला फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोल उभं केलं. बाह्यांत रद्दी कोंबली, तसा तो इवलासा पिवळा स्वेटर आत मूल असल्यासारखा फुगला.

"फ्लॅश मारा की. कशाला एवढा खटाटोप?"

"फ्लॅश म्हणजे लोकरीच्या थोबाडीत मारल्यासारखं. वीण दिसायची तर उजेड बाजूनं यावा लागतो."

"तुमचं तुम्हाला ठाऊक," ती म्हणाली आणि बोटं चोळत बसली. सांधे सुजले होते.

लहान मुलांचे स्वेटर विणून ऑनलाइन विकायची कल्पना तिचीच. त्या ऑनलाइन दुकानाचं सगळं पुतणी बघायची. पहिल्या महिन्यात दोन स्वेटर गेले. पुढे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

हे बायकोला सांगायला फोटोवाल्यांची जीभ रेटेना. सुया हातात आल्या की ती कशी रमून जायची! त्यांनी पुतणीला गळ घातली. "काकूला कळू देऊ नकोस. विकला म्हणून सांग आणि तुझ्याकडच्या पेटीत ठेवून दे."

"बरं, काका," पुतणी म्हणाली.

तेव्हापासून दर आठवड्याला ते स्वेटरचं पार्सल बांधायचे, पत्ता लिहिल्यासारखं करायचे आणि पुतणीकडे नेऊन ठेवायचे. विक्रीचे पैसे किती आले, हे बायकोने कधी विचारलं नाही. व्यवहारात तिचं लक्ष नव्हतंच, असं ते स्वतःला सांगत.

न्हाणीबाहेरच्या दोरीवर ओल्या लोकरीच्या लडी सदैव वाळत असत.

"नवी लोकर धुवून घ्यावी लागते," ती सांगायची. "नाहीतर आटते."

"दरवेळी हेच रंग काय आणतेस? दुसरे आण की."

"गिऱ्हाइकांना हेच आवडतात ना?"

फोटोवाल्यांनी मान खाली घातली. "हो."

असे तीन हिवाळे गेले. तिची बोटं वाकडी होत चालली. चहाचा कप तिला दोन्ही हातांनी धरावा लागायचा. एकदा त्यांना राहवलं नाही.

"आता पुरे कर हे विणकाम. हात बघ काय झालेत."

"मग दिवसभर करायचं काय?" ती हसून म्हणाली.

खरं सांगायचं अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. एवढा एकच आधार आहे हिला, तोही आपण काढून घ्यायचा? ते उठले आणि थर्मोकोल सरळ करू लागले.

त्या हिवाळ्याच्या शेवटी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली.

पंधरवड्यानंतर फोटोवाले पुतणीच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

"पेटी काढ," ते म्हणाले. "मुलांच्या दवाखान्यात देऊन टाकू सगळे. शंभरेक तरी असतील. तिचे हात झिजले त्यात. कुणाच्या तरी अंगाला ऊब लागू दे."

पुतणी जागची हलली नाही.

"काका, पेटीत पाचच आहेत."

"आणि बाकीचे?"

"काकू घेऊन जायची. तुम्ही ठेवून गेलात की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायची. घरी नेऊन उसवायची आणि त्याच लोकरीचा नवा विणायची."

फोटोवाले उंबऱ्यावर बसले.

"म्हणजे एकही विकला जात नाही, हे तिला ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं तिला. मी म्हटलंसुद्धा, काकू, हात एवढे दुखतात, आता काकांना सांगून टाक."

"मग?"

पुतणीने डोळ्यांना पदर लावला.

"म्हणाली, 'मला विणायचा केव्हाच वीट आलाय गं. पण फोटो काढायला काही उरलं नाही, तर हे सकाळी उठतील कशासाठी?'"