पेला हुंगणारा माणूस

पडद्यावरच्या गृहस्थाने पाण्याचा पेला तिसऱ्यांदा हुंगला, बायकोवर खेकसून पाणी मोरीत ओतून दिलं. नातेवाइकांनी भरलेलं छोटं थिएटर खदखदून हसलं. शेवटच्या रांगेत ऋजुता मात्र खुर्चीत आणखी खाली सरकली. तिचा पहिलाच सिनेमा, आणि हा किरकिरा, संशयी नायक तिने नखशिखांत बाबांवरून उचललेला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते.

सिनेमा संपला. बाहेर चहाच्या टेबलापाशी मामांना नायकात त्यांचा व्याही दिसला होता, काकूंना जाऊ. स्वतःचा चेहरा कुणालाच दिसला नव्हता. बाबा पाण्याचा पेला हुंगून म्हणाले, “छान झालाय गं. फक्त तो माणूस खरा वाटत नाही. इतकं किरकिरं कुणी असतं होय?”

ऋजुताचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आई पदराने डोळे पुसत आली. “हसून हसून मेले बाई! वागायला इतका वाईट, तरी शेवटी त्याची दया येते. मी तर पहिल्या मिनिटाला ओळखलं.”

“आई, हळू! बाबा ऐकतील.”

“ऐकू देत की. त्यांनीच मला कोपराने ढोसून सांगितलं, ‘पोरीने स्वतःलाच पडद्यावर आणलंय. हिंमत आहे! पण आपण ओळखलं असं दाखवू नकोस, वाईट वाटेल तिला.’”

“मी? मी अशी आहे?” ऋजुता खेकसली. सगळे वळून पाहायला लागले, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की हातातला चहाचा कप केव्हाचा नाकाशी धरलेला आहे.