उणे पाच

ड्वेनने भांड्यातला बर्फ पुन्हा ढवळला आणि दोन्ही सेन्सर पाण्यात नीट बुडवले. बिअर आंबताना तिचं तापमान राखणाऱ्या कंट्रोलरने बर्फाच्या पाण्यात बत्तीस अंश फॅरनहाइट दाखवायला हवेत. तो सत्तावीस दाखवत होता.

"जुना झाला असेल," आर्डिस म्हणाली.

नवरा व्हर्लिन दोन महिन्यांपूर्वी वारला, आणि आता ती त्याचं तळघरातलं बिअरचं सामान काढून टाकत होती, आणि कंट्रोलर ड्वेनला हवा होता. व्हर्लिन आणि तो तीस वर्षं कागदाच्या गिरणीत एकाच पाळीला होते.

व्हर्लिनची घरची बिअर म्हणजे गावाला चेष्टेचा विषय. पहिल्याच वर्षी तिला राज्याच्या जत्रेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली, ती पहिली आणि शेवटची. पुढे नुसता घोट घेतला तरी डोकं धरायचं. मित्र त्याच्यादेखत ग्लास सिंकमध्ये ओतायचे. "आपल्या हाताला यशच नाही," म्हणत तोही हसायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाटल्या घेऊन जत्रेला निघायचा.

"सेन्सर चांगले आहेत," ड्वेन म्हणाला. "आत दुरुस्तीचा आकडा घातलेला आहे. उणे पाच. त्यामुळे बिअर पाच अंश जास्त गरम राहायची आणि इथं सगळं ठीक दिसायचं."

चोराच्या मनात चांदणं. आर्डिस ओतत असलेली कॉफी कपाबाहेर गेली.

निळी फीत मिळाली त्या हिवाळ्यात व्हर्लिनने ठरवलं होतं, नोकरी सोडायची, घर विकायचं आणि मॅडिसन शहरात बिअरचा छोटा कारखाना काढायचा. त्यांची सात वर्षांची लेक इथल्या चर्चमागे मातीत होती. तिला टाकून जाणं आर्डिसच्याने होईना. पण लेक गेल्यापासून तो पहिल्यांदाच शीळ घालत होता, त्याला नको तरी कसं म्हणायचं? एका दुपारी तो कामावर असताना ती तळघरात उतरली.

ते कुठेच गेले नाहीत. माणूस मात्र स्वतःला नालायक समजत गेला, हे तिला दोन महिने आतून खात होतं.

"मीच केलं ते, ड्वेन," ती शेवटी म्हणाली. "त्याला कधी सांगितलं नाही."

ड्वेनने सेन्सर बाहेर काढले, फडक्याने पुसले.

"नऊ वर्षांपूर्वी मी असाच बर्फ घेऊन इथं बसलो होतो," तो म्हणाला. "चूक सापडली. आकडा काढायला गेलो, तर व्हर्लिननं माझा हात धरला. म्हणाला, राहू दे, आर्डिसनं लावलंय ते."