लाल टोपडं

पोटातलं बाळ गेलं, तेव्हापासून इस्लामपूरच्या घरात कुणी त्याचा विषयच काढत नव्हतं. थोरली नणंदसुद्धा नाही. मन रमावं म्हणून तिनं दीपमालाला जपानच्या सहलीला मात्र ओढून आणलं.

एका देवळाच्या अंगणात लाल टोपडी घातलेल्या इवल्या इवल्या दगडी मूर्ती ओळीनं बसल्या होत्या. “जन्माआधीच गेलेल्या बाळांसाठी आहेत या,” असं सांगून गाईड झेंडी उंचावून पुढं निघाला. दीपमालाचा पायच उचलेना.

नणंद मागं वळली. उघड्या डोक्याच्या एका मूर्तीला तिनं आपला रुमाल टोपड्यासारखा बांधला, पाळण्यावर वाकतात तशी वाकली आणि मूर्तीच्या कानात “कुर्रर्र” करून थांबली.

“वन्सं, काय करताय?”

“दीपा, तू ठरवलेलं नाव सांग की. आत्या हाय मी त्याची.”