दुखवट्याच्या घरचं गाणं

"नाताळचं पहिलं गाणं दुखवट्याच्या घरी म्हणायचं, मग बाकीच्या गावात," पपा बजावायचे. ते आमच्या चर्चचे गायनप्रमुख. "देवदूत काही राजवाड्यात गायले नाहीत. येशू जन्मल्याचं त्यांनी अंधारात मेंढरं राखत बसलेल्यांना आधी गाऊन सांगितलं. माझ्यामागं हे तू चालव." मी हो म्हटलं होतं.

यंदा दुखवट्याचं घर एस्तेरचं. पावसाळ्यात तिचं लेकरू तापानं गेलं, तेव्हापासून ती चर्चला आली नाही. "मावशी, तिनं पाळकसाहेबांच्या तोंडावर दार लावलं. सणासुदीला शिव्या खायला आम्ही नाही येत," म्हणत गाणारी पोरं पेटी-ढोलकी टेम्पोत टाकून बाजारपेठेत गेली.

दुपारी मी एकटीच तिला विचारायला गेले. धुणं वाळत घालता घालता, मागं न वळताच ती म्हणाली, "बाळ येशूला वाचवायला देवदूतानं योसेफाला झोपेतून उठवलं. त्याच्या शोधात हेरोद राजानं मारलेल्या बाकीच्या लेकरांच्या आयांना कुणी उठवलं, मावशी? त्यांचं आहे का एखादं गाणं तुमच्याकडे?"

मी तशीच घरी परतले.

संध्याकाळची प्रार्थना म्हणताना आठवलं, आहे. फार जुनं, परदेशातून आलेलं. त्या आया लेकरांना शेवटचं निजवताना गातात, अशी अंगाई. पपांनी ती शिकवली, पण नाताळात कधी गाऊ दिली नाही. तिच्यात आनंदाची वार्ता नाही, एकही हालेलुया नाही.

त्या अंगाईनं एस्तेरचं लेकरू परत येणार नाही. दारही उघडेल असं वाटत नाही.

मी शाल डोक्यावरून घेतली आणि तिच्या घराची वाट धरली.